शेजारचे दवाखान्यात आहेत, नळ परवा सुटणार. त्यांचं पाणी नीट कसं भरून ठेवावं?

शेजारचा_उंबरा (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. नेमकी माहिती हवी आहे. शेजारच्या घरात आजी-आजोबा दोघंच राहतात. आजोबा आठवड्यापासून दवाखान्यात आहेत आणि आजी त्यांच्यासोबत. गुरुवारी डिस्चार्ज मिळेल असं दिसतंय. सोलापुरात आमच्या भागात परवा रात्री नळ सुटतील, त्यानंतर थेट चार-पाच दिवसांनी. म्हणजे गुरुवारी दोघं घरी येतील तेव्हा हौदात तळाशी जुनं पाणी आणि पुढचं पाणी लांब. त्यांना न सांगता भरून ठेवायचं मनात आहे. दार उघडल्यावर आजींना मोटरीकडं धावावं लागू नये, एवढंच.

घराची माहिती: अंगणात जमिनीतला हौद ४ फूट बाय ४ फूट, खोली साडेतीन फूट. वर गच्चीवर ५०० लिटरची काळी टाकी. अर्धा एचपीची मोनोब्लॉक मोटर. न्हाणीत २०० लिटरचा निळा ड्रम. तुळशीला पाणी घालायला अंगणाच्या फाटकाची किल्ली माझ्याकडं दिलेली आहे, घराची नाही. मोटरीचं बटण बाहेरच्या भिंतीवर आहे. कुठून सुरुवात करू?

हौद_मिस्त्री (रात्री ९:३५)

आधी हिशेब करू, म्हणजे अंदाजानं भरायला नको. ४ × ४ × ३.५ म्हणजे ५६ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ भरला तर हौद जवळजवळ १५८५ लिटरचा. वरचा अर्धा फूट रिकामा सोडा, तरी १३५० लिटरच्या आसपास राहतं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. दोन माणसं, पाच दिवस म्हणजे बरोबर १३५०. हौद तेवढा भरला आणि वर गच्चीची टाकी भरली, तर आजारी माणसाचे जास्तीचे कपडे, चादरी धुवूनही पाणी पुरेल.

आता धार मोजा. १५ लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावा. ५० सेकंदांत भरली तर तासाला १०८० लिटर, म्हणजे हौदाला सव्वा तास पुरे. दीड मिनिट लागत असेल तर तासाला ६००च, मग सव्वादोन तास लागतील आणि तेवढा वेळ नळ राहत नसेल तर हौद अर्धवट राहणार. हे आधी कळलं की न्हाणीतला ड्रम आधी भरायचा का हौद, ते ठरतं. कमी धारेत हौदच आधी. ड्रमचं पाणी नंतर बादलीनं काढताही येतं, पण हौद रिकामा असला तर मोटर काहीच उचलत नाही.

हौदात काठी उभी करून इंचाच्या खुणा करा. तुमच्या हौदात एक इंच पाणी म्हणजे साधारण ३८ लिटर. घरी आल्यावर आजींना काठी बघूनच कळेल किती शिल्लक आहे.

साखरपेठकर (रात्री ९:५२)

मनापासून छान करताय. पण एक गोष्ट आधी. न सांगता म्हणजे आजी-आजोबांना न सांगता, घरात कुणालाच न सांगता नव्हे. मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना आजच फोन करा. कारणं सरळ आहेत. मोटर चालवली तर वीज त्यांच्या मीटरची जाते. व्हॉल्व्ह बंद ठेवला असेल तर त्यामागं कारण असू शकतं: गच्चीची टाकी गळत असेल, भिंतीतला पाईप फुटलेला असेल. आणि फाटकाची किल्ली तुळशीसाठी दिलीय, तिचा वापर वाढवताना घरच्यांच्या कानावर असलेलं बरं. "आईला सांगू नका, पाणी मी भरून ठेवतो, मोटर चालवू का?" एवढं एक वाक्य पुरे.

ते म्हणाले मोटर नको, तर हौद भरा, अंगणातली घागर भरा, न्हाणीचं दार बंद असेल तर ड्रमचा नाद सोडा. नळाचं पाणी हौदात पडणं एवढंही फार मोठं काम आहे.

शेजारचा_उंबरा (रात्री १०:०५)

मुलगी पुण्यात आहे, फोन झाला. म्हणाली मोटर चालवा, फक्त गच्चीच्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा फुग्याचा नळ) जुना आहे, लक्ष ठेवा. न्हाणी आतून बंद आहे, म्हणजे ड्रम बाद. हौदाचं झाकण मात्र आठवडाभर उघडलेलं नाही.

आरोग्यसेविका (रात्री १०:३०)

मग आधी जुनं पाणी बाहेर. आठवडा झालाय, हे महत्त्वाचं. डेंग्यूच्या डासाची अंडी ते उडणारा डास हा प्रवास आपल्याकडच्या उन्हात आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस, पाळायला सांगतात. आत्ता त्या हौदात वळवळणाऱ्या अळ्या असतील तर गुरुवारी घरी येणाऱ्या आजारी माणसाभोवती डास उडतील. झाकण उघडून उजेडात, बॅटरी मारून बघा. अळ्या श्वास घ्यायला वर येतात, सावली पडली की झटकन खाली जातात. दोन मिनिटं शांत उभं राहून बघा, लगेच निर्णय नको.

जुनं पाणी वाया घालवू नका. बादलीनं काढून कापडातून गाळून झाडांना, अंगण धुवायला वापरा. अळ्या गटारात ओतू नका, साठलेल्या पाण्यात त्या जगतात. कोरड्या मातीवर ओतल्या की मरतात.

पाणी काढल्यावर हौदाच्या भिंती घासायलाच हव्यात. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात, सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि नवीन पाणी चढलं की फुटतात. नुसतं पाणी बदललं आणि अंडी तशीच राहिली तर पुढच्या हप्त्याला तोच प्रकार. लांब दांड्याचा काथ्याचा ब्रश घ्या आणि बाहेर उभं राहून घासा.

हौदात उतरू नका. बंद हौदात हवा कोंडलेली असते, एकट्यानं उतरलेला माणूस चक्कर येऊन पडला तर कुणाला पत्ता लागत नाही. साडेतीन फुटांचा आहे, वरून ब्रश पुरतो. आणि ब्लिचिंग पावडर व संडास साफ करायचं अॅसिड एकत्र कधीच नको, त्यातून विषारी वायू निघतो.

पंपवाला_अण्णा (रात्री ११:१५)

मोटरीचं मी सांगतो. आठवडाभर बंद राहिलेली अर्धा एचपीची मोटर बटण दाबल्यावर नुसती गुणगुणते, फिरत नाही, असं सोलापुरात सारखं होतं. कारण खारं पाणी. बोअरचं पाणी कधी काळी त्या पंपात गेलं असेल तर इम्पेलरवर (पाणी ढकलणाऱ्या चक्रावर) क्षाराचा थर बसतो आणि शाफ्ट जाम होतो. गुणगुणली की दोन सेकंदांत बटण बंद करा. तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं आणि हजार-दोन हजारांचा खर्च त्या म्हाताऱ्यांच्या माथी बसतो.

बटण बंद, प्लग काढलेला, याची खात्री करून मोटरीच्या मागच्या पंख्याचं झाकण बघा. शाफ्टच्या टोकाला खाच असते. स्क्रूड्रायव्हर घालून हळू दोन्ही बाजूंना फिरवा. सुटला की हातालाच कळतं. फिरतोय तरी गुणगुणते, तर कपॅसिटर (मोटरीला सुरुवातीचा झटका देणारा भाग) गेलाय. मग मिस्त्री बोलवा, जुगाड नको.

दुसरं, प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणं. हौदात पाईपच्या खालच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (पाणी परत उतरू न देणारी झडप) असतो, तो गळत असेल तर आठवड्यात पाईपमधलं पाणी सगळं उतरून जातं. पंपावरचं बोल्ट खोलून लोट्यानं पाणी ओता, काठोकाठ भरून बुडबुडे थांबेपर्यंत. ओततच राहिलं आणि भरेचना, तर व्हॉल्व्हच्या तोंडात कचरा अडकलाय. हौद रिकामा असतानाच तो बघून घ्या, भरल्यावर हात पोचत नाही. जाळी उचला, खालचा गाळ काढा, रबराची चकती बोटानं दाबून बघा, कडक झाली असेल तर बदला. चकती दहा-वीस रुपयांत मिळते.

मोटर कोरडी चालली तर मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारी कडी) मिनिटांत तापून फाटतं आणि पंपाच्या पोटातून पाणी ठिबकायला लागतं. म्हणून सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं तिथंच उभं राहा. पाणी चढलं की आवाज जड होतो. आवाज हलका, किरकिरा राहिला तर पाणी उचललेलं नाही, बंद करा.

तिसरं आणि सगळ्यात आधी पाळायचं: मोटर थेट नळाच्या लाईनीला जोडू नका. कुणी सांगितलं तरी नको. बेकायदा आहेच, पण लाईनीत ओढ बसली की जिथं पाईप चिरलाय तिथून गटाराचं पाणी आत शिरतं आणि गल्लीच्या शेवटच्या घराला धारच राहत नाही. एका शेजाऱ्याचं भलं करताना दहा शेजाऱ्यांचं पाणी ओढायचं नाही. नळाचं पाणी आपल्या जोरानं हौदात पडू द्या, हौदातून वर मोटर.

ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून बटण दाबू नका. हात पुसा, चप्पल घाला, टेस्टर लावून मोटरीचं अंग बघा. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर त्याचं टेस्ट बटण आधी दाबून बघा.

विडी_घरकुल (सोमवार, सकाळी ६:५०)

आमच्या भागात हे नेहमीचंच आहे, फक्त याला कुणी नाव दिलेलं नाही. विड्या वळणाऱ्या बायका सकाळी कारखान्यात विड्या द्यायला जातात, नेमके तेव्हा नळ सुटले तर शेजारची अक्का पाईप त्यांच्या पिंपात टाकते. हजार विड्या द्यायला गेलेल्या बाईनं परत येऊन रिकामं पिंप बघायचं, हे कुणालाच बरं वाटत नाही. पाळीवर गेलेल्या यंत्रमागवाल्याचंही तेच.

यातून कळलेलं: पाईपचं टोक पिंपात बुडवून ठेवू नका. नळ गेले की लाईनीत पोकळी होते आणि पाईप पिंपातलं पाणी उलटं ओढतो. पिंप अर्धं होतं आणि ते पाणी शेजारच्या लाईनीत जातं. टोक पाण्यापेक्षा वीतभर वर बांधा. पाईपला नळाजवळ जुबली क्लिप (आवळायची पत्र्याची कडी) कसा, नुसता खुपसलेला पाईप दाब वाढला की निसटतो आणि रात्री दोन वाजता अंगणात तळं.

रबरी पाईप वर्षानुवर्षं उन्हात पडलेला असेल तर आत काळं निघतं. प्यायच्या पाण्याला तो नको. घागर थेट नळाखाली.

शेजारचा_उंबरा (सकाळी ७:३०)

पहिलं गढूळ पाणी येतं त्याचं काय? आणि नेमकी वेळ कशी धरावी? गेल्या वेळी रात्री अकराला सुटणार होते, पहाटे तीनला सुटले.

साखरपेठकर (सकाळी ८:२०)

वेळ हलते त्याचं कारण लांबचं आहे. आपलं पाणी उजनीहून शंभरेक किलोमीटरच्या पाईपातून येतं, शिवाय भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परगा तलावातून. टाकळीचा औज बंधाराही उजनीतून नदीत पाणी सोडलं की भरतो. यात कुठंही पंपाची वीज गेली, पाईप फुटला, की शहरातल्या उंच टाक्या वेळेत भरत नाहीत आणि व्हॉल्व्हमनची (भागाभागाला पाणी सोडणाऱ्या माणसाची) पाळी पुढं सरकते. त्याच्या हाती फक्त चावी असते, म्हणून त्याच्यावर चिडू नका. त्याला संध्याकाळीच विचारून ठेवा, टाकी किती भरलीय ते तो सांगतो.

गजर लावून झोपू नका, नळ उघडा ठेवून खाली पत्र्याचं घमेलं पालथं घाला. पहिली धार पडली की खणखणतं आणि जाग येते. पण हौदाचा नळ तसा उघडा सोडून झोपायचं नाही, अंगणाचा चालेल.

हौद_मिस्त्री (सकाळी ८:४५)

पहिलं पाणी: चार-पाच दिवस रिकाम्या लाईनीत गंज, माती, कधी शेजारच्या गळतीची घाण शिरलेली असते. पहिली पाच-दहा मिनिटं दोन बादल्यांत घ्या, अंगण आणि संडासासाठी ठेवा. मग स्वच्छ स्टीलच्या ग्लासात धरून उजेडासमोर बघा. तळाला रेती बसत नाही, वास नाही, मगच हौदाकडं पाईप वळवा. गटाराचा वास असेल तर त्या दिवशी हौद भरूच नका. रिकामा हौद परवडतो, घाण झालेला पुन्हा उपसायला लागतो.

बॉल कॉकबद्दल: जुना आहे म्हणाल्या ना ताई, मग गच्चीवर स्वतः चढून बघा. फुगा हातानं वर उचला, पाणी पूर्ण थांबायला हवं. थेंब पडत राहिले तर आतला रबरी वॉशर झिजलाय. फुग्यात पाणी शिरून तो जड झाला असेल तर हलवून आवाज येतो, मग तो तरंगत नाही आणि टाकी उतू जाते. दांडी पितळी असेल तर हलकेच खाली वाकवा, पाणी ओव्हरफ्लोच्या पाईपाखाली दोन इंच थांबलं पाहिजे. तुमच्याकडं वेळ नसेल तर टाकी भरत असताना गच्चीवर माणूस उभा ठेवा. अर्धा एचपीची मोटर ५०० लिटरला वीस-पंचवीस मिनिटं घेते, तेवढंच उभं राहायचं.

एक आडचं सांगतो, धाग्याशी संबंध आहे म्हणून. पेठांतल्या माळवदाच्या घरांत कुणी असंच भलं करायला जाऊन वर ड्रम ठेवतात. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो, ५०० लिटरची टाकी अर्धा टन. जुनी लाकडी तुळई, वर मातीचा थर, त्यावर हे वजन अजिबात नको. माळवदाच्या घरी पाणी खाली, भिंतीलगत, छोट्या भांड्यांत विभागून.

आरोग्यसेविका (दुपारी २:१०)

औषध टाकायचं का, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगते. नळाचं पाणी स्वच्छ आलं असेल तर त्यात क्लोरीन असतोच, वर आणखी टाकायची गरज नाही. गढूळ होतं किंवा शंका आहे, तर १००० लिटरला ५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, ताजी, सुकी, पॅकबंद. १३५० लिटरला साधारण ७ ग्रॅम. थेट हौदात फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ हौदात ओता, काठीनं ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. उघडी पडलेली, ओलसर पावडर निकामी असते, जास्त टाकून ती भरपाई होत नाही.

आजोबा दवाखान्यातून येतायत, म्हणून त्यांचं प्यायचं पाणी वेगळं. ते उकळून, खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट. पण मंगळवारी उकळून गुरुवारपर्यंत ठेवू नका. गुरुवारी सकाळी उकळा, थंड करा, घासलेल्या स्टीलच्या घागरीत झाकून तोटीनं घ्यायची सोय करा, आत हात बुडणार नाही अशी. कळशी तांब्याची असेल तर चिंचेनं घासून.

गच्चीची काळी टाकी उन्हाळ्यात चाळीस-बेचाळीस डिग्रीत तापते, दुपारी नळातून चटका बसतो. वर गोणपाट ओला करून टाका. हौदाच्या झाकणाची फट मात्र नायलॉनच्या जाळीनं किंवा जुन्या धोतराच्या पातळ कापडानं बांधा. चादर नको, जाड कापड मधे खोलगट होतं आणि त्यावर पाणी साचतं, तिथंच डास येतो.

शेळगीची_ताई (संध्याकाळी ५:४०)

बोअरचं पाणी हौदात मिसळू नका, कमी पडलं तरी. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, आजोबांसाठी मऊ खिचडी करायची असेल त्या दिवशी आजींची अडचण होते. बोअरचं वेगळ्या बादलीत, वर खडूनं "खारं" लिहून.

पंपवाला_अण्णा (मंगळवार, सकाळी ७:०५)

हौद भरला की नळाची तोटी बंद, मोटरीचा प्लग काढून ठेवा. घरी परतल्यावर आजी सवयीनं बटण दाबतील, टाकी आधीच भरलेली असेल आणि जुना बॉल कॉक असेल तर गच्चीवरून धो धो. प्लग काढलेला दिसला की त्या थांबतील.

शेजारचा_उंबरा (बुधवार, सकाळी ६:३०)

नळ रात्री साडेबाराला सुटले. हौद घासून काठीवर तीन फुटांपर्यंत भरलाय, गच्चीची टाकी पूर्ण, फूट व्हॉल्व्हची चकती बदलली. फुगा हलवून बघितला, पाणी शिरलं होतं, नवीन बसवला. दाराला लावायची चिठ्ठी तयार आहे, चालेल का सांगा:

"आजी, हौद मंगळवारी रात्री भरलाय, काठीवर ३ फूट. वरची टाकी भरली आहे, मोटर लावू नका, प्लग काढलाय. जाळी बांधलीय, काढली की परत बांधा. प्यायचं उकळलेलं पाणी आमच्याकडं आहे, तुम्ही आलात की घेऊन येतो. स्वयंपाक आज करू नका."

शेळगीची_ताई (सकाळी ६:४५)

"आज" नको, "गुरुवारी" लिहा, एक दिवस पुढं गेलं तर गोंधळ होईल. आणि पेनानं नको, पेन्सिलनं, ओल्या हातात शाई पसरते. दाराला लावू नका, त्या आधी हौदाकडंच जातील. झाकणाच्या कडीला दोऱ्यानं बांधा, आजींच्या डोळ्यांना दिसेल असं मोठ्या अक्षरात.